मापाडी आणि कपाळावरचा ताप

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या भिंतीला लागून एक लांबोडकी खोली आहे. दारावरच्या पाटीवर ‘उपकरण तपासणी व दुरुस्ती’ असे लिहिलेले आहे. पण पाटी वाचून त्या खोलीपर्यंत आजवर कुणी पोचल्याचे ऐकिवात नाही. ‘मापाडीकाकांकडे जा’ एवढे सांगितले, की कालपरवा लागलेला शिपाईही नेमका तिथे जाऊन उभा राहतो. धुलाईखान्याच्या वाफेमुळे खोलीची एक भिंत बारा महिने कोमट असते. त्या भिंतीला काकांनी आजवर एकही उपकरण टेकू दिलेले नाही. तिथे त्यांनी स्वतःची खुर्ची ठेवली आहे. पाठीला बरे वाटते, असे ते सांगतात.

रक्तदाब मोजणारी यंत्रे, तान्ह्या बाळांचे वजनकाटे, थर्मामीटर, सलाईनचे थेंब मोजणारे पंप असे सगळे त्या खोलीत येते आणि खरे बोलते की नाही, याची खात्री पटवून परत जाते. माणसावर काकांचा चटकन विश्वास बसतो. काट्यावर मात्र नाही. त्यांच्या पत्नीचे याबाबतीत एक ठरलेले वाक्य आहे. “माझ्या शब्दावर यांनी कधी शंका घेतली नाही,” ती आल्यागेल्याला सांगते, “पण मी किती वाजले ते सांगितलं, की उठून घड्याळ बघून येतात.”

काका मुळात दवाखान्यातले नव्हेत. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्याचे छोटेसे दुकान होते. मापाडी हे नाव तेव्हापासूनचे. मापे घेणारा तो मापाडी, इतका साधा हिशेब करून शेजारच्या दुकानदारांनी ते चिकटवले आणि पुढे ते आडनावापेक्षाही घट्ट बसले. त्या काळात त्यांची मुलगी पहिली-दुसरीत होती. एके दिवशी तिच्या पोटात दुखू लागले, अपेंडिक्सचे निदान झाले, आणि याच रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती बरी होत आहे असे सगळे म्हणत होते. थर्मामीटरही तसेच म्हणत होता.

त्या संध्याकाळी भेटीच्या वेळी काका तिच्या खाटेपाशी उभे होते. एका तरुण सिस्टरने थर्मामीटर लावला, उजेडाकडे धरून पाहिला. ताप नव्हता. तिने मुलीकडे पाहिले. पुन्हा काचेकडे पाहिले. मग पालथा हात मुलीच्या मानेवर ठेवला, पलीकडच्या खाटेजवळचा दुसरा थर्मामीटर आणला आणि तो लावला. ताप होता, आणि चांगला चढलेला होता. पोटात आत पू धरला होता. मुलीला लगोलग पुन्हा शस्त्रक्रियेसाठी नेले. “सकाळपर्यंत थांबलो असतो तर अवघड होतं,” असे डॉक्टर नंतर म्हणाले.

मुलगी शुद्धीवर आल्यावर काकांनी त्या सिस्टरला गाठले. आभार मानायचे म्हणून ते गेले होते, पण तोंडून निघाले ते भलतेच.

“पहिला खोटं बोलतोय हे तुम्हाला कळलं कसं?”

“कळलं नाही हो. पटलं नाही. पटलं नाही, की मी पुन्हा लावते.”

“पण यांना तपासतं कोण?”

“कुणाला?”

“थर्मामीटरना. माझ्याकडे भाजीवालीचा काटासुद्धा दर वर्षी तपासून छाप मारून घ्यायला येतो. यांच्यावर कुणाचा छाप आहे?”

सिस्टरच्या हातात औषधांचा ट्रे होता आणि पुढच्या खाटेवरचे मूल रडत होते. “कुणाचाच नाही,” ती म्हणाली. “तुम्ही मारा. सुटीच्या दिवशी या.”

ती बोलण्याच्या भरात म्हणाली असावी. काका मात्र पुढच्या सुटीच्या दिवशी आपली पेटी घेऊन दारात हजर झाले. त्यानंतरही येत राहिले. पुढे केव्हातरी रुग्णालयाच्या लक्षात आले, की या माणसाला नोकरीवर घेणेच सोपे आहे. काटे-तराजूंचे दुकान बंद झाले, आणि तळघरातल्या कोमट भिंतीशी खुर्ची लागली.

त्या सिस्टरचे आभार मानायचे ते राहूनच गेले. सुरुवातीला धीर झाला नाही, नंतर उशीर झाल्यासारखे वाटले, आणि मग इतकी वर्षे लोटली, की एकदम जाऊन म्हणायचे तरी काय? काकांनी आपल्या परीने एक वाट काढली. मुलांच्या वॉर्डातून आलेले उपकरण त्यांच्या टेबलावर नेहमी सगळ्यात आधी उघडले जाई. हे कुणी पाहिले नाही, आणि पाहावे अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

ती तरुण सिस्टर यथावकाश त्या वॉर्डाची प्रमुख झाली. सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणू लागले. आणि आता त्या निवृत्त होणार होत्या.

जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट वॉर्डात आलेली पाहायची होती. मुलांच्या वॉर्डात दुपारी पडदे ओढले, की मुले झोपतात. नेमकी त्याच वेळी ताप मोजण्याची फेरी येते. जुना थर्मामीटर काखेत लावायचा, त्याचे टोक गार लागते, तो वाजेपर्यंत हात दाबून धरायचा. मूल जागे होते, रडते, आणि एक रडले की शेजारची सगळी उठतात. “झोप हे त्यांचं अर्धं औषध,” मोठ्या सिस्टर प्रत्येक बैठकीत सांगत, “आणि तेच आपण रोज हिसकावून घेतो.” कपाळासमोर धरला की अंगाला न लागता क्षणात ताप सांगणारा नवा थर्मामीटर इतरत्र आला होता. अर्जांवर अर्ज करून शेवटी या रुग्णालयातही त्याचे खोके आले.

थर्मामीटर वॉर्डांत देण्याआधी ते खरे बोलतात का, हे ठरवायचे काम अर्थातच तळघरात आले. खरेदी समितीची बैठक मंगळवारी होती. काकांनी सही केली, तर थर्मामीटर वॉर्डांत वाटले जाणार होते. नाही केली, तर खोके सीलबंद होऊन कंपनीकडे परत, आणि पुन्हा नवी खरेदी केव्हा होईल, ते कुणीच सांगू शकत नव्हते. मोठ्या सिस्टरांच्या कारकिर्दीत तर नक्कीच नाही.

काकांनी पहिली परीक्षा आपल्या खोलीतच घेतली. त्यांच्याकडे एक पाण्याची टाकी होती. तिच्यातले पाणी ठरवलेल्या तापमानावर तासन्‌तास स्थिर राही. त्या पाण्यात आतून काळा रंगवलेला एक पोकळ पेला बुडवलेला असे. कपाळाऐवजी नवा थर्मामीटर त्या पेल्याच्या तोंडाशी धरायचा आणि पाण्यातल्या अधिकृत थर्मामीटरशी ताडून पाहायचा. सगळेच्या सगळे पास झाले. मग दुसरी परीक्षा: प्रत्येक वॉर्डात काही दिवस एकाच रुग्णाचा ताप एकाच सिस्टरने दोन्हींनी मोजायचा, आधी नव्याने, लगेच जुन्याने. पुरुषांचा वॉर्ड, स्त्रियांचा वॉर्ड, शस्त्रक्रियेचा वॉर्ड, सगळीकडे दोन्हींचे आकडे जोडीने चालले.

मुलांच्या वॉर्डात मात्र दुपारच्या फेरीला नवा थर्मामीटर जवळजवळ एक अंश कमी दाखवू लागला.

ही बातमी घेऊन वॉर्डातली धाकटी सिस्टर खाली आली. ती नव्याने लागली होती आणि तिची जीभ तिच्याआधी पोचत असे.

“काका, तुमचं यंत्र आजारी आहे. भरती करून घ्या.”

“यंत्राला काय झालंय?”

“थंडी वाजतेय त्याला. सगळ्या मुलांना बरं करून टाकलंय त्यानं. औषधाचं कामच नाही आता.”

काकांनी ते यंत्र टाकीवर धरले. अगदी बरोबर. दुसरे दिले. तेही दुपारी कमी दाखवू लागले. मग ते स्वतः वर गेले. खिशात कापड, हातात पेटी, नाकावर चष्मा असा एक अनोळखी माणूस वॉर्डात शिरताच झोपलेली मुले एकेक करून उठून बसली. एकाने विचारले, “हे सुई देणारे आहेत का?” धाकट्या सिस्टरने काकांसमोर मोजले. नवा आणि जुना जोडीने चालले. कुठेही फरक नाही.

“बघा!” धाकटी म्हणाली. “शाळेत साहेब आल्यासारखं करतंय. तुमच्यासमोर पाढे धडाधड, तुम्ही गेलात की तोंडाला कुलूप.”

काका गेले आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच अंश गळाला.

त्यांनी सगळे करून पाहिले. कपाळावर केस येतात का, पाहिले. किती अंतरावर धरतात, ते दोरीने मोजून दाखवले. पंख्याचा झोत कुठल्या खाटेवर येतो, हे कागदाची पट्टी धरून शोधले. यंत्र थंड खोलीतून उबदार वॉर्डात आणल्यावर थोडा वेळ तसेच राहू द्या, असे सांगितले. सिस्टर तेही करत होत्या. माहितीपत्रकात लिहिले होते, की कपाळावर घाम नसावा. काकांनी वाकून कपाळे पाहिली होती. कोरडी ठणठणीत.

शुक्रवारी दुपारी दारात मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या तळघरात कधी आल्या नव्हत्या. त्यांचा निरोप यायचा, नाहीतर उपकरण. काका धडपडत उठले आणि त्यांनी आपली कोमट भिंतीकडची खुर्ची पुढे केली. सिस्टर बसल्या नाहीत. त्यांनी हातातला नवा थर्मामीटर टेबलावर ठेवला.

“मापाडी, घ्या हे परत.”

“काय झालं?”

“रक्ताच्या आजाराची ती छोटी आहे ना, खिडकीजवळची. तिच्या औषधांनी अंगातली सगळी ताकद ओरबाडून नेलीय. तिला जरा जरी ताप आला तरी तासाच्या आत औषध सुरू करावं लागतं. आज यानं ताप नाही म्हणून सांगितलं. लगेच जुना लावला, तर ताप होता.”

“मग?”

“मग काय, औषध सुरू केलं. ठीक आहे ती. पण जुने तुम्ही काढून नेले असते तर?”

काकांनी ते यंत्र हातात घेतले. त्यांना दुसरीच एक संध्याकाळ दिसत होती.

“बाकीच्या वॉर्डांत बरोबर चालतात हे,” ते शेवटी म्हणाले. “टाकीतही बरोबर. त्यात खोट नाही, सिस्टर. तुमच्या वॉर्डात काहीतरी आहे, ते मला सापडत नाहीये.”

“मग सही करू नका.”

“समितीत सगळे म्हणतील, बाकी सगळीकडे चालतं तर…”

“म्हणू देत. मला हवेत म्हणून सही करू नका.” सिस्टर वळल्या आणि दारात क्षणभर थांबल्या. “फार मनात होतं हो माझ्या. एक दुपार तरी मुलं न रडता झोपलेली बघायची होती.”

त्या गेल्यावर काका बराच वेळ खुर्चीशेजारी उभेच होते. ज्या बाईला आयुष्यात काही द्यावे असे त्यांना वाटले, तिने एकच गोष्ट मागितली होती आणि तीही स्वतः होऊन परत आणून ठेवली होती. अडचण अशी, की काकांचे मनही तिच्यासारखेच घडलेले होते. पटलेले नसताना सही करणे त्यांना जमले नसते. आणि जमले असते, तर ते त्या सिस्टरचे ऋण मानण्याच्या लायकीचे उरले नसते.

रविवारी मुलगी माहेरी आली. ती आता गाडी चालवायला शिकवते. शहरातल्या निम्म्या भित्र्या माणसांना तिने रस्त्यावर आणले आहे, आणि तिच्या मते त्यांतला सगळ्यात वाईट विद्यार्थी तिचा बापच. “समोर ट्रक आलाय,” ती सांगते, “आणि बाबा स्पीडोमीटरकडे बघून म्हणतायत, हा दोनाने जास्त दाखवतो वाटतं.”

त्या दिवशी काकांना हसू आले नाही. बायकोने जेवायला वाढले, तरी ते ताटाकडे न बघता बसून होते.

“काय झालंय यांना?” मुलीने विचारले.

“ताप आलाय,” आई म्हणाली. “स्वतःला नाही, यंत्राला.”

मग काकांनी सगळे सांगितले. मुलांचा वॉर्ड, दुपार, एक अंश, मोठ्या सिस्टर. मुलगी घास हातात घेऊन ऐकत होती.

“मोठ्या सिस्टर म्हणजे त्याच ना, माझ्या वेळच्या? अजून ओलं फडकं फिरवतात का हो त्या?”

“कसलं फडकं?”

“दुपारी. थर्मामीटर लावायच्या आधी. एका वाडग्यात पाणी असायचं, फडकं घट्ट पिळायच्या आणि कपाळावरून अलगद फिरवायच्या. झोपेतच कळायचं, की सिस्टर आल्यात. मग काखेत ते गार टोक लागलं तरी दचकायला व्हायचं नाही.” तिने घास ताटात ठेवला. “मला त्या दवाखान्यातलं दुसरं काही आठवत नाही, बाबा. सुया नाहीत, टाके नाहीत. तेवढं फडकं आठवतं.”

काका ताटावरून उठले.

“झालं,” आई म्हणाली. “आता भात गार होणार, आणि त्याचंही माप घेणार.”

ते पेटीतून नवा थर्मामीटर आणि स्वयंपाकघरातून एक ओले फडके घेऊन आले. “जरा इकडे बघ,” ते बायकोला म्हणाले. आधी कोरड्या कपाळावर मोजले. मग फडके पिळून तिच्या कपाळावरून हलकेच फिरवले. डोळ्यांना दिसेल असे पाणी राहिले नाही. नुसती एक ओलसर झाक, वाळत असलेली. त्यांनी पुन्हा मोजले. तो गळालेला अंश आता त्यांच्या तळहातात होता. ओल वाळताना कातडीची ऊब घेऊन जात होती आणि यंत्र बिचारे समोर जे दिसत होते तेच प्रामाणिकपणे सांगत होते. थोडा वेळ गेल्यावर कपाळ कोरडे ठणठणीत झाले, आणि आकडा आपल्या जागी परत आला.

बायको डोळे मिटून बसली होती. “लग्नाला एवढी वर्षं झाली,” ती म्हणाली, “कधी कपाळावरून हात फिरवला नाही. आज फिरवला, तो यंत्रासाठी.”

मुलगी इतकी हसली, की तिला ठसका लागला. काकाही हसले. मग त्यांनी ते फडके पुन्हा एकदा, या वेळी थर्मामीटर खाली ठेवून, बायकोच्या कपाळावरून फिरवले.

सोमवारी दुपारी ते वॉर्डात शिरले नाहीत. दाराला एक काचेची खिडकी आहे, तिच्याबाहेर उभे राहिले. आत पडदे ओढलेले होते, मुले झोपली होती. मोठ्या सिस्टर वाडगे घेऊन पहिल्या खाटेशी आल्या. फडके पिळले, कपाळावरून फिरवले, काहीतरी पुटपुटल्या. त्यांच्या मागून धाकटीने नवा थर्मामीटर कपाळासमोर धरला आणि आकडा टिपला. मग जुना काखेत. मुलाने डोळे उघडले, समोर सिस्टर दिसल्या, आणि त्याने नुसताच ओठ काढला. पुढची खाट. पुन्हा फडके. काका स्वतः यायचे तेव्हा मुले जागी होऊन बसायची. उठून बसलेल्या मुलाला हळुवार जागे करण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ते वाडगे कोपऱ्यातच राहायचे.

जुन्या थर्मामीटरसाठी लागलेली ही सवय होती. नव्याला तिची गरज नव्हती, कारण नवा मुलाला शिवतच नव्हता. पण हाताला ते कुणी सांगितले नव्हते.

फेरी संपल्यावर काकांनी सिस्टरना व्हरांड्यात बोलावले. कसे सांगावे, याची त्यांनी रात्रभर मनात जुळवाजुळव केली होती. प्रत्यक्षात त्यांनी सरळच सांगून टाकले.

सिस्टर हातातल्या वाडग्याकडे पाहत राहिल्या.

“म्हणजे मीच,” त्या म्हणाल्या. “त्या छोटीचा ताप मीच पुसून टाकला.”

“नाही. जुना तुम्हीच लावला होता ना? तो दिसला.”

“तुम्ही लावायला सांगितला होता म्हणून.”

“मी कुणामुळे सांगतो दोनदा लावायला?”

सिस्टरना ते कळले नाही. “आणि हे तुम्हाला सुचलं कसं? फेरीला तर आईबापांनाही बाहेर काढतो आम्ही.”

“माझ्या मुलीला आठवत होतं. तुमचं फडकं.”

“तुमची मुलगी होती माझ्या वॉर्डात? कोणती हो?”

जी संध्याकाळ काका आयुष्यभर छातीशी धरून जगले, ती या बाईला ठाऊकच नव्हती. त्यांनी हळूहळू सगळे सांगितले: अपेंडिक्स, पहिला थर्मामीटर, मानेवरचा पालथा हात, पलीकडच्या खाटेजवळचा दुसरा. सिस्टर कपाळाला आठ्या घालून आठवू पाहत होत्या.

“असेल,” त्या अखेर म्हणाल्या. “लावला असेल पुन्हा. पटलं नाही, की लावतेच मी. पण मुलगी काही डोळ्यांसमोर येत नाही हो. राग मानू नका. इतकी मुलं येऊन गेली.”

काकांना राग आला नाही. उलट आत काहीतरी मोकळे झाल्यासारखे वाटले. आजवर ते समजत होते, की त्या संध्याकाळी या बाईने त्यांच्यासाठी काहीतरी विशेष केले. तिने विशेष काहीच केले नव्हते. ती रोज, प्रत्येक खाटेशी, तेच करत होती. त्यांतल्या एका खाटेवर त्यांची मुलगी होती, इतकेच. आभार मानायचे तर ते एका संध्याकाळचे नव्हतेच.

“तुम्ही तेव्हा मला म्हणाला होतात, सुटीच्या दिवशी या छाप मारायला,” ते म्हणाले. “म्हणून मी इथे आहे.”

“मी म्हणाले होते?” सिस्टर हसल्या. “बघा, मी काय काय बोलून बसते!”

त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी, वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एक फेरी करायला मान्यता दिली. त्या म्हणाल्या, “फडक्याचं माझ्याही लक्षात आलं नाही. रोज बघते मी ते. बघून बघून दिसेनासं झालं होतं.” पडदे पुन्हा ओढले गेले. जी मुले पुन्हा झोपली, त्यांचीच मोजणी करायची असे ठरले. काका काचेबाहेर. वाडगे या वेळी टेबलावर. मोठ्या सिस्टरांचा हात दोनदा आपोआप तिकडे वळला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. नवा थर्मामीटर कपाळासमोर, एक क्षण. मूल झोपलेले. पुढची खाट. मूल झोपलेले. खिडकीजवळची छोटी झोपेत नुसती कुशीवर वळली. सगळ्यांचे कपाळ झाल्यावर मग तुलनेसाठी जुने लावले गेले आणि व्हायचे ते रडे झाले. पण आकडे शेवटच्या खाटेपर्यंत जोडीने चालले होते.

“आता ऐका,” मोठ्या सिस्टरांनी धाकटीला आणि तिच्याबरोबरच्या सगळ्याजणींना जवळ बोलावले. “उद्यापासून आधी मोजायचं. आणि कपाळ ओलं असेल, घाम असेल, तर कोरडं करून थोडं थांबायचं. आणि आकडा पटला नाही तर?”

“पुन्हा लावायचा,” धाकटी म्हणाली. “जुना.”

“आणि फडकं, सिस्टर?” एकीने विचारले. “आता मुलं उठतच नाहीत, तर फडकं कशाला?”

“मोजून झाल्यावर फिरवायचं.”

“पण गरज काय?”

“त्यांना नसेल,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “मला आहे.”

मंगळवारी समितीच्या कागदावर काकांनी सही केली. त्याखाली नियमाप्रमाणे एक सूचनाही लिहिली: ओल्या कपाळावर मोजू नये. तिच्यामागे कुणाची माया उभी होती, ते समितीने विचारले नाही, आणि काकांनीही लिहिले नाही.

महिनाअखेरीस मोठ्या सिस्टरांचा शेवटचा दिवस आला. भाषणे झाली, फुले झाली, आणि त्या हातात पिशव्या घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या, तेव्हा समोर टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी लावलेली एक छोटी गाडी येऊन थांबली. गाडीतून काकांची मुलगी उतरली. मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन स्वतः काका बसले होते.

“सिस्टर, मी घरी सोडते तुम्हाला,” ती म्हणाली. “मी त्यांची मुलगी. फडक्याची.”

सिस्टरनी तिच्याकडे निरखून पाहिले. ओळख पटली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. मग त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि पालथा हात तिच्या मानेवर ठेवला.

“बरी आहेस,” त्या म्हणाल्या.

“तुमच्यामुळे,” मुलगी म्हणाली. “थँक्यू, सिस्टर. हे माझं, आणि हे बाबांचंही. ते गेली कित्येक वर्षं म्हणणार होते.”

मागच्या सीटवर काका खिडकीबाहेर पाहू लागले.

सिस्टर पुढे बसल्या. पायाशी काहीतरी लागले म्हणून त्यांनी वाकून पाहिले. “अगं, इथेपण ब्रेक आहे की!”

“शिकवायची गाडी आहे ना. तुम्हाला पटलं नाही, तर तुम्हीही दाबा.”

गाडी फाटकातून बाहेर पडली. सिस्टर सारा रस्ता बोलत होत्या: वॉर्डात आता दुपारी इतकी शांतता असते, की धाकटीलाच झोप येते, खिडकीजवळची छोटी परवा घरी गेली, आणि जाताना वाडगे मागत होती. मागे बसलेल्या काकांना तिथून स्पीडोमीटर दिसत नव्हता. त्यांनी मान वाकडी करून पाहिलाही नाही.